रविवारची साडेसहाची शाळा

रविवारी संध्याकाळी मुंबईत साडेसहा वाजतात, तेव्हा कुवेतमध्ये चार वाजलेले असतात. लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचा एक आणि न्यू जर्सीत सकाळचे आठ. या चारही ठिकाणची मुलं एकाच वेळी जागी आहेत, त्यांच्या पोटात काहीतरी गेलेलं आहे आणि डोळ्यांवर झोप नाही, अशी आठवड्यातली ही जवळजवळ एकमेव वेळ. मेलबर्नचं एक कुटुंबही येऊ म्हणत होतं. पण तिथे तेव्हा उन्हाळ्यातली मध्यरात्र. त्यांना हात जोडून नाही म्हणावं लागलं. पृथ्वी गोल आहे हे भूगोलाच्या पुस्तकात आपण सगळेच वाचतो. वेळापत्रक करायला बसलं, की ती किती गोल आहे ते कळतं.

सांगायची गोष्ट अशी, की लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथली चार-पाच घरं आणि परदेशातली तीन घरं मिळून आम्ही मुलांची एक छोटी शाळा चालवतो. शाळा हा शब्द जरा मोठाच झाला. इमारत नाही, फी नाही, परीक्षा नाही. नऊ ते तेरा वर्षांची मुलं घरबसल्या पडद्यावर भेटतात आणि मोठ्यांपैकी ज्याला जे येतं ते तो शिकवतो. माझ्याकडे कविता आहे. दादरच्या एक निवृत्त बाई गणित घेतात. लंडनमधला एक बाप इंजिनिअर आहे, त्याच्याकडे विज्ञान.

परदेशातल्या आप्तांशी मुलांना जोडून ठेवायची धडपड आमच्यासारख्या कोकणी मुसलमानांच्या घरांना नवी नाही. आखातातल्या नोकऱ्यांनी घरं दोन काठांवर राहायला शिकली. माझ्या लहानपणी कुवेतच्या काकांची कॅसेट यायची. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून टेपरेकॉर्डरवर तासभर बोलून ते ती कुणाबरोबर तरी पाठवत. आम्ही मुलं तिच्या दुसऱ्या बाजूवर शाळेतली कविता म्हणून परत पाठवायचो. चुलत भावंडांना ती कविता दीड-दोन महिन्यांनी ऐकू जायची. पुढे ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि दीड लाखाहून अधिक भारतीयांना तिथून परतावं लागलं. आमची चुलत भावंडं अंगावरच्या कपड्यांनिशी आली. वह्या-पुस्तकं तिकडेच राहिली आणि त्यांचं ते शाळेचं वर्ष गेलं. आज तसं काही झालं, तर निदान पुस्तकं जाणार नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. कुवेतमधला मुलगा आणि परळमधली मुलगी एकाच पानावर बोट ठेवू शकतात, ही सोय लहान नव्हे.

मुंबईत इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. पण पडद्यावरची शाळा घराघरांत शिरली ती मार्च २०२० मध्ये, करोनाने शाळांना टाळं लावलं तेव्हा. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले आणि धाकट्यांचे त्या डिसेंबरमध्ये. म्हणजे पहिलीतलं मूल जवळजवळ दोन वर्षं बाकावर बसलंच नाही. त्या काळात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. दूरचित्रवाणीचा उपयोग असाही होतो हे पुष्कळांना तेव्हा नव्याने आठवलं. गिरणगावात मात्र खरा प्रश्न जागेचा होता. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे आजोबांचा खोकला, कुकरची शिटी आणि दोन भावंडांचे दोन वर्ग एकाच भिंतीला आपटतात. या भागातली मुलं पूर्वीपासून घराबाहेरच अभ्यास करत आली आहेत. कुणी गॅलरीत, कुणी मंडळाच्या अभ्यासिकेत. वरळीत रस्त्याच्या दिव्याखाली वाचत बसणाऱ्या मुलांमुळे एका रस्त्याला 'अभ्यास गल्ली' हे नावच पडलं. ऑनलाइन शाळेने या मुलांना उलट घरात कोंडलं, जिथे अभ्यासाला जागा कधी नव्हतीच. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा मिळाला. तेव्हा मला पहिल्यांदा कुठली गोष्ट सुचली असेल, तर ती ही, की आता त्या घरांत लावून घेता येईल असं एक दार आहे.

देशोदेशीची मुलं अशी जोडण्याचे महाराष्ट्रातले दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. पहिला बहुतेकांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी, तिथली जिल्हा परिषदेची शाळा आणि तिचे शिक्षक रणजितसिंह डिसले. २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी पैशाची बातमी मोठी केली, पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडचीही केली. पण मला त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा वैरी शेजाऱ्यांच्या मुलांच्या जोड्या लावून सहा आठवडे त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं. दोघांनी मिळून काही तयार करायचं, मिळून पाहुण्यांना ऐकायचं. नुसतं 'हॅलो, हाऊ आर यू' करून मुलं जोडली जात नाहीत. दोघांच्या हाताला एकच काम द्यावं लागतं. आम्ही हे तिथूनच उचललं.

दुसरा प्रयोग फलटणचा. डॉ. सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी तो मोकळा ठेवला होता. २००९ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या, पुष्कळशा निवृत्त, शिक्षकांना इथल्या मुलांशी स्काइपवरून बोलायला बसवलं. या मंडळींना नाव पडलं 'ग्रॅनी क्लाउड', म्हणजे आज्यांचा ढग. आजीचं काम शिकवायचं नाही. मुलांनी काही केलं, की 'अरे वा, हे कसं जमवलंस? मला नसतं जमलं' असं म्हणायचं. पुढे फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेतही अशी एक खोली झाली. ही संस्था उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. त्या इथे आल्या, मराठी शिकल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली. अमेरिकेतल्या मराठी मुलाला मराठी कठीण जाते म्हणून उसासे टाकणाऱ्या आईबापांना मी हे आवर्जून सांगतो.

आमच्याकडे आज्या मुंबईतच आहेत आणि मुलं परदेशात. गिरगावच्या एक आजी न्यू जर्सीच्या नातवाला आठवडाभर मराठीतून निरोप पाठवतात आणि रविवारी तो ते वाचून दाखवतो. 'भाजी निवडणे' आणि 'नवरा निवडणे' यांतलं क्रियापद एकच कसं, हा प्रश्न त्याने विचारला तेव्हा आजींना उत्तर द्यायला पंधरा मिनिटं लागली.

आता थोडं व्यवहाराचं, कारण पत्रांतून लोक तेच विचारतात. आठापेक्षा जास्त मुलं नकोत. झूमच्या फुकट सोयीत चाळीस मिनिटांनी वर्ग आपोआप बंद होतो. पुष्कळजण त्यावर कुरकुर करतात, पण आपल्या शाळेतला तासही साधारण एवढाच असतो आणि घंटा देणारा शिपाई आयता मिळतो. दुबईतलं घर सामील करून घ्यायचं असेल तर आधी चौकशी करावी. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ कॉल अनेक वर्षं बंदच ठेवलेले होते. वर्ग कुणीही रेकॉर्ड करायचा नाही आणि प्रत्येक घरात एक मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. भारत आणि कुवेत आहेत तिथेच. त्यामुळे दरवर्षी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे कुणीतरी तासभर आधी येऊन रिकाम्या पडद्याकडे बघत बसतं.

पुष्कळांना वाटतं, आम्ही मुलांना शाळेतूनच काढलंय की काय. तसं नाही. पण तोही मार्ग आहे. मुंबईतल्या एका मुलीला तिच्या आईने सातवीत शाळेतून काढलं आणि घरी शिकवलं. संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवून ती २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीत दाखल झाली. त्या वेळी बातम्या भरभरून आल्या होत्या. बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आपल्या आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही त्याच बातम्यांत होतं. अशी मुलगी लाखात एक आणि आपली नोकरी सोडून शिकवणारी आईही तशीच. इतरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे, महाराष्ट्राचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. त्यांची परीक्षा देऊन दहावीचं प्रमाणपत्र मिळतं. माझं मत विचाराल, तर गल्लीतली शाळा चालू असताना मूल घरात ठेवू नये. आमच्या भागातल्या मराठी शाळांच्या तुकड्या आधीच रोडावत चालल्या आहेत.

कवितेच्या तासाला आलेली अडचण सांगतो, कारण ती मला अगदी अनपेक्षित होती. शाळेत आपण कविता आणि पाढे एका सुरात म्हणायचो. पडद्यावर ते होतच नाही. मी 'म्हणा' म्हटलं, की आठ आवाज आठ वेळेला येतात आणि बाजार भरतो. लंडनच्या इंजिनिअरने कारण समजावलं. आपला आवाज उपग्रहातून जातो असा समज आहे, पण तो मुख्यतः समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या तारांतून जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ मोजलं तरी साडेबारा हजार किलोमीटर. तारा तर तांबड्या समुद्रातून, भूमध्य समुद्रातून वळसे घेत जातात. जाऊन-येऊन सेकंदाचा पाचवा भाग सहज खर्च होतो, वर यंत्रांची आपली देवघेव. एरवीच्या बोलण्यात हे जाणवत नाही. पण ताल धरायला सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाइतका उशीरही फार होतो. या तारा तुटतातही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तजवळ दोन तारा तुटल्या आणि आपल्याकडचं अर्धंअधिक इंटरनेट लंगडलं होतं.

मग समूहगान सोडून दिलं आणि भेंड्या आणल्या. भेंड्यांत एकाचं संपल्यावरच दुसऱ्याचं सुरू होतं, मधल्या विलंबाने काही बिघडत नाही, उलट विचार करायला वेळ मिळतो. मुशायऱ्याचंही तसंच आहे. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागाहून दाद द्यायची. लालबागच्या पोरांनी 'इर्शाद' म्हणणं इतकं उचललं, की आता गणिताच्या बाईंनाही ती 'इर्शाद' म्हणतात.

या शाळेत एकदा खरोखर मोडता पडला, तो लालबागच्या एका मुलीवरून. अकरा वर्षांची, हिशोबाला पक्की. घर दहा बाय बारा, माणसं सहा. वडील पहारेकरी; घरात चांगला फोन एकच, तो त्यांच्या रात्रपाळीबरोबर सात वाजता निघून जायचा. एका रविवारी न्यू जर्सीच्या मुलाने तिला विचारलं, "तुझ्या मागे एवढी माणसं का बसलीत? पार्टी आहे?" त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या घरात इतकी माणसं पार्टीलाच जमतात. पुढच्या रविवारी तिचा कॅमेरा बंद. त्याच्या पुढच्या रविवारी ती नाहीच. मी चाळीत गेलो. तिची आई जिन्यातच म्हणाली, "नको काका. पोरीला लाज वाटते. आमचं आहे ते बरं आहे."

फोनची अडचण तशी सोपी होती. गिरगावच्या घरातला एक जुना टॅब निघाला, महिन्याच्या डेटाचे पैसे वर्गणीतून जातात. लाजेवर वर्गणी काढता येत नाही. मोठ्यांच्या दोन बैठका झाल्या. कुवेतचे गृहस्थ म्हणाले, आपण त्या मुलाला समज देऊ. दादरच्या बाईंनी ते साफ मोडून काढलं. त्यांचं म्हणणं, समज दिली तर तो यापुढे तिच्याशी जपून बोलेल आणि जपून बोलणं तिला आधी कळेल. शेवटी ठरलं, की पहिला अर्धा तास सगळ्यांचेच कॅमेरे बंद, आवाजावर शाळा. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटलं नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि दुसरं ठरलं, की प्रत्येकाला आपापल्या जागेवरूनच करता येईल असं काम द्यायचं. ते काम म्हणजे सावली मोजणं.

हा प्रयोग दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एराटोस्थेनिस नावाच्या विद्वानाने केला. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या गावी एक मीटरची काठी उभी रोवायची आणि दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली मोजायची. मुंबईत ती सुमारे ३४ सेंटिमीटर भरते, कुवेतला ५६, न्यू जर्सीत ८५ आणि लंडनला काठीपेक्षाही लांब, सव्वा मीटर. सावलीवरून कोन काढता येतो. मुंबई आणि लंडनच्या कोनांत साडेबत्तीस अंशांचा फरक येतो. उत्तर-दक्षिण मोजलं तर या दोन शहरांत सुमारे ३,६०० किलोमीटर. साडेबत्तीस अंशांना ३,६०० तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना किती? साधं त्रैराशिक. उत्तर येतं जवळजवळ चाळीस हजार किलोमीटर आणि पृथ्वीचा घेर तेवढाच आहे. चाळीच्या चौकातल्या काठीने पृथ्वी मोजली जाते. मात्र एका काठीने मोजता येत नाही, दुसरी काठी दूरदेशी कुणीतरी रोवावी लागते.

त्या वर्षी लंडनमध्ये ढग होते. न्यू जर्सीच्या काठीला वाऱ्याने वाकवलं. कुवेतचा आकडा ठीक होता. लालबागच्या मुलीने, जिथे गणपतीचा मांडव पडतो त्या चौकात, बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी खडूच्या खुणा केल्या होत्या. चाळीतली निम्मी पोरं तिच्या हाताखाली राबत होती. तिची सगळ्यात आखूड सावली बाराला आली नाही. आली पावणेएकच्या आसपास. तिने रविवारी जाहीर करून टाकलं, की मुंबईचं घड्याळ चुकतंय.

घड्याळ चुकत नव्हतं, पण मुलगीही चुकत नव्हती. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, मुंबई त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. त्यामुळे इथला मध्यान्ह सरासरी ३९ मिनिटं उशिरा येतो, मार्चमध्ये आणखी थोडा. पूर्वी मुंबईची स्वतःची 'बॉम्बे टाइम' म्हणून वेळ होती, ती बरोबर ३९ मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली तेव्हा इथल्या गिरणी कामगारांनी गोंधळ घातला होता, कारण भोंगा आता सूर्याच्या ३९ मिनिटं आधी वाजणार होता. शहरात काही ठिकाणी जुनी वेळ १९५५ पर्यंत चालत राहिली. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "म्हणजे माझे पणजोबा बरोबर होते." पणजोबा गिरणीत होते. न्यू जर्सीच्या मुलाने विचारलं, भोंगा म्हणजे काय. तिने तोंडाने वाजवून दाखवला. त्या दिवशी तिचा कॅमेरा सुरू होता. कुणी सांगितलं नव्हतं.

यानंतर असे प्रश्न आपोआप निघू लागले. रमजानची ईद कुवेतला बहुधा एक दिवस आधी का, चंद्र दोन आहेत का, हा प्रश्न परळच्या एका सावंतांच्या घरातल्या मुलाचा. उत्तर देताना इंजिनिअरने चंद्रकोर सूर्यास्तानंतर किती वेळ क्षितिजावर राहते आणि पश्चिमेकडच्या गावाला ती दिसण्याची शक्यता अधिक कशी, ते संत्र्यावर टॉर्च मारून दाखवलं. मी फक्त एवढंच सांगितलं, की चंद्र दिसण्यावरून भांडणं आमच्यात पुरेशी आहेत, तुम्ही नवी काढू नका.

त्या लालबागच्या मुलीची चाळ आता पुनर्विकासात गेली. भाडं मिळतं त्यात लालबागमध्ये काही परवडत नाही, म्हणून बिऱ्हाड बदलापूरला हललं. शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या. रविवारचा वर्ग तेवढा राहिला, कारण तो लालबागमध्ये कधी नव्हताच. येत्या २१ मार्चला ती बदलापूरहून सावली मोजणार आहे. अक्षांश जवळपास तोच, त्यामुळे सावली तेवढीच भरेल असं गणिताच्या बाईंचं म्हणणं. पण बदलापूर लालबागच्या पूर्वेला आहे. मग तिथला मध्यान्ह आधी यायला हवा, असं मुलीने हिशोब करून कळवलंय, दीड मिनिटाने. खडूच्या खुणांवर दीड मिनिट दिसणार नाही असं बाई म्हणतात. ती म्हणते, या वेळी दर मिनिटाला खूण करीन.